निर्गुंडीचा अर्क: वेदना, उंदीर आणि आकड्यांची पारख

मंडळी, गुडघा सुजला की निर्गुंडीचा पाला गरम करून बांधायचा, हे गोव्यात कोणाला सांगायला नको. बांधल्यावर बरं वाटतं, हेही खरं. पण ते पाल्यामुळे की नुसत्या उबेमुळे? याचं उत्तर तुलनेच्या गटाकडून मिळतं. अर्क कितीही चांगला काढला, तरी तुलना कच्ची असेल तर हाती आलेला आकडा फुकट.

सुरुवात झाडापासूनच करावी लागते. किनाऱ्याकडे निर्गुंडीची एक भावकी वाढते, तिला तीनच पर्णिका आणि बहुधा देठ नसलेल्या. आपल्या निर्गुंडीला तीन ते पाच, मधलीला देठ स्पष्ट, खालची बाजू पांढुरकी. फुलासकट फांदी दाबून वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटवा आणि नमुना जपून ठेवा.

पानं सावलीत वाळवा. पावसाळ्यात मात्र सावलीचा उपयोग नाही, इथल्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी येते आणि मग आपण बुरशीचाच अर्क तपासत बसतो. तेव्हा ४० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवा. त्याहून तापवलं तर सुगंधी तेल उडतं. भुकटीच्या दहापट ७० टक्के इथेनॉल, ७२ तास, अधूनमधून हलवत. गाळून रोटरी इव्हॅपोरेटरवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणारं यंत्र) ५० अंशांखाली आटवा. उरलेला अर्क तोलून उतारा, म्हणजे सुक्या पानांच्या वजनातून किती अर्क निघाला ते, टक्क्यांत लिहा. शेवटी तो लागणार आहे.

अँटिऑक्सिडंट गुणासाठी डीपीपीएच चाचणी सोपी, म्हणूनच बिघडते. डीपीपीएच हे जांभळं रसायन, अर्काने त्याचा रंग जितका फिका पडेल तितका गुण जास्त. ३.९४ मिलिग्रॅम डीपीपीएच १०० मिलिलिटर मिथेनॉलात विरघळवा. त्यातलं ३ मिलिलिटर आणि १ मिलिलिटर अर्क एकत्र करून ३० मिनिटं अंधारात ठेवा आणि ५१७ नॅनोमीटरला मोजा. सोबत अॅस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्व) तुलनेला. अर्क स्वतः हिरवट-तपकिरी असतो, म्हणून डीपीपीएचशिवाय अर्क आणि मिथेनॉल यांचा वेगळा ब्लँक घेऊन तो वजा करा; नाहीतर अर्काचा स्वतःचा रंग बेरजेत येतो आणि गुण आहे त्याहून कमी दिसतो. आयसी-५०, म्हणजे निम्मा रंग घालवणारी अर्काची तीव्रता, लिहिताना नळीतली अंतिम तीव्रता की मूळ द्रावणाची, हे सांगा. ३:१ मिश्रणात या दोन आकड्यांत चौपट फरक पडतो आणि बऱ्याच अहवालांत तो कुठेच लिहिलेला नसतो. शिवाय ही नळीतली रसायनक्रिया आहे. वेदना कमी होण्याशी तिचा परस्पर संबंध जोडू नये.

वेदनेची तपासणी उंदरांवर, आणि संस्थेच्या प्राणी नीती समितीची मंजुरी आधी. अॅसेटिक आम्ल चाचणीत अर्क तोंडावाटे देऊन साधारण तासाभराने ०.६ टक्के आम्ल पोटात टोचतात, किलोमागे १० मिलिलिटर. म्हणजे २५ ग्रॅमच्या उंदराला ०.२५ मिलिलिटर. मग पाच मिनिटांनंतर पोट आखडण्याचे झटके मोजायचे. मोजणाऱ्याला गट ठाऊक नसावा, कारण अर्धवट झटका धरायचा की सोडायचा हे मन ठरवतं. अर्क ०.५ टक्के सीएमसीत (अर्क पाण्यात तरंगत ठेवणारा घट्ट पदार्थ) मिसळला असेल, तर नियंत्रण गटालाही, म्हणजे अर्क न दिलेल्या तुलनेच्या गटालाही, तेच सीएमसी द्या, साधं पाणी नको. तिसऱ्या गटाला डायक्लोफेनॅक, हे सूज-वेदनेवरचं नेहमीचं औषध.

खरी फसगत पुढे आहे. गुंगी आणणारा किंवा स्नायू सैल करणारा अर्कही झटके कमी करतो. उंदीर शांत पडला म्हणजे वेदना गेली असं नव्हे. म्हणून रोटारॉडवर, म्हणजे फिरत्या दांडीवर, तो तोल सांभाळतो का, ते बघा. जोडीला ५५ अंशांची हॉट प्लेट, तिच्यावर उंदीर किती सेकंदांत पंजा चाटतो किंवा उडी मारतो ते मोजायचं; १५ सेकंदांनी उंदीर उचलायचाच, नाहीतर पंजा भाजतो. तिथे डायक्लोफेनॅकचा फारसा परिणाम दिसत नाही, तुलनेला मेंदूवर काम करणारं वेदनाशामक ट्रामाडॉल घ्या. झटके कमी झाले, हॉट प्लेटवर काही फरक नाही आणि तोल ठीक, तर परिणाम सूज उठवणाऱ्या रसायनांवर, मेंदूवर नव्हे, असं मानायला जागा आहे.

राहिला मात्रेचा हिशेब. उंदराची किलोमागची मात्रा माणसासाठी १२.३ ने भागतात. २०० मिलिग्रॅमचे होतात साधारण १६. ६० किलोच्या माणसाला जवळपास एक ग्रॅम अर्क. उतारा दहा टक्के असेल तर दहा ग्रॅम सुकी पानं, हे शक्य आहे. पण उंदरात १००० मिलिग्रॅमलाच गुण दिसला, तर तोच हिशेब जवळपास ५० ग्रॅम सुक्या पानांवर जातो, आणि तेवढ्यांचा काढा कोणी पिणार नाही.