पाच मे: लढाई पुएब्लाची, सण कॅलिफोर्नियाचा

मंडळी, आपण कॅलिफोर्नियात राहतो, त्यामुळे ‘सिंको दे मायो’ (स्पॅनिशमध्ये ‘पाच मे’) हे नाव कोणालाच नवं नाही. मे उजाडला की दुकानांत पताका लागतात, बिअर स्वस्त होते. हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन, असं अनेकांना वाटतं. तो नव्हे. स्वातंत्र्यदिन 16 सप्टेंबरला असतो. 1810 साली दोलोरेस गावच्या मिगेल इदाल्गो या पाद्र्याने लोकांना स्पेनविरुद्ध उठवलं, त्याची ती आठवण. पाच मेची कहाणी सुरू होते ती थकलेल्या कर्जापासून.

1861 साल. मेक्सिकोतलं तीन वर्षांचं यादवी युद्ध नुकतंच संपलेलं. राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस: सापोतेक या आदिवासी समाजात जन्मलेले, लहानपणीच आईबाप गेलेले, शिकून वकील झालेले. तिजोरीत खडखडाट होता. जुलैमध्ये त्यांनी परदेशी कर्जाची फेड दोन वर्षांसाठी थांबवली. लगेच इंग्लंड, स्पेन आणि फ्रान्स आरमारं घेऊन वेराक्रूसच्या बंदरात वसुलीला हजर! पुढच्या एप्रिलमध्ये इंग्लंड-स्पेननी काढता पाय घेतला. फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनला मात्र नुसते पैसे नको होते. त्याला मेक्सिकोच्या गादीवर आपल्या मर्जीतला राजा बसवायचा होता. अडवायला कोण येणार? अमेरिका स्वतःच यादवीत होरपळत होती.

सुमारे 6,000 फ्रेंच सैनिक राजधानीकडे निघाले. वाटेत पुएब्ला. तिथे इग्नासियो सारागोसा हा 33 वर्षांचा सेनापती उभा होता. त्याचा जन्म आजच्या टेक्सासमधला, हे इथल्या लोकांना मुद्दाम सांगावंसं वाटतं. शहराच्या उत्तरेला टेकडीवर लोरेतो आणि ग्वादालूपे असे दोन किल्ले. फ्रेंच सेनापती लोरेन्सेझ याने सरळ चढावरूनच हल्ला चढवला. एकदा मागे रेटले, पुन्हा आले, पुन्हा रेटले. तिसऱ्या हल्ल्याच्या वेळी पाऊस कोसळला आणि चिखलात चढणं मुश्कील झालं. सारागोसाच्या बाजूने डोंगरातल्या गावांचे आदिवासी शेतकरीही लढत होते. संध्याकाळपर्यंत फ्रेंच माघारी फिरले. तारीख 5 मे 1862.

युद्ध मात्र तिथे संपलं नाही. सारागोसा त्याच सप्टेंबरमध्ये विषमज्वराने गेला, वर्षभरात पुएब्ला पडलं आणि 1864 मध्ये ऑस्ट्रियाचा मॅक्सिमिलियन सम्राट झाला. 1867 मध्ये केरेतारोला त्याला गोळ्या घातल्या, तेव्हा कुठे हुआरेस यांचं प्रजासत्ताक पुन्हा उभं राहिलं.

मग त्या एका दिवसाचा सण का झाला? आणि तोही इथे? मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. कॅलिफोर्निया मेक्सिकोकडून अमेरिकेकडे जाऊन तेव्हा जेमतेम चौदा वर्षं झाली होती. सोन्याच्या खाणींत, मळ्यांत स्पॅनिश बोलणारे हजारो लोक होते. पुएब्लाची बातमी स्पॅनिश वर्तमानपत्रांतून पोहोचली, तेव्हा तुओलमी परगण्यातल्या खाणकामगारांनी बंदुकीचे बार काढले, गाणी म्हटली, भाषणं ठोकली. गावोगाव देशभक्तांच्या समित्या निघाल्या. वर्गणी काढून ते हुआरेसकडे पैसे पाठवू लागले. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले डेव्हिड हेस-बाउतिस्ता यांनी त्या काळची वर्तमानपत्रं चाळून हा इतिहास पुढे आणला. ते दाखवतात, की या लोकांना दोन्ही लढाया एकच वाटत होत्या: इकडे अमेरिकेच्या यादवीत गुलामगिरी राखणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांशी, तिकडे राजेशाही लादणाऱ्या फ्रान्सशी. म्हणून दुसऱ्याच वर्षापासून इथे पाच मे साजरा होऊ लागला.

1960 नंतर चिकानो चळवळीतल्या, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या हक्कांसाठीच्या चळवळीतल्या, विद्यार्थ्यांनी तो पुन्हा हाती घेतला, कारण आदिवासी आणि गरीब माणसांनी साम्राज्याला नमवल्याचा दाखला त्यांना हवा होता. ऐंशीच्या दशकात बिअर कंपन्यांनी तो उचलला. त्याचं मला वाईट वाटतं.

मेक्सिकोत हा दिवस मुख्यतः पुएब्लाचाच. तिथे मोठं संचलन निघतं. राजधानीत विमानतळाजवळच्या पेन्योन दे लोस बान्योस वस्तीत तर लोक दरवर्षी लढाईच नव्याने लढतात: काही जण फ्रेंच होतात, काही तोंडाला काजळी फासून डोंगरातले शेतकरी, आणि जुन्या धाटणीच्या बंदुकांचे बार दिवसभर गल्ल्यांतून घुमत राहतात.