टुब्बाताहा: पहाऱ्यावरची प्रवाळभित्ती

[दृश्य: पहाट. चहूकडे पाणी. दूरवर वाळूची पांढरी रेघ.]

पलावान बेटावरच्या पुएर्तो प्रिन्सेसा बंदरातून संध्याकाळी निघालेली बोट रात्रभर उघड्या समुद्रात चालत राहते. उजाडता उजाडता पाणी रंग बदलतं. गर्द निळ्याच्या कडेला फिकट हिरवा पट्टा उमटतो आणि टुब्बाताहा आल्याचं कळतं. फिलिपीन्सच्या सुलू समुद्रात, बंदरापासून सुमारे १५० किलोमीटरवर. हे नाव दर्यावर्दी सामाल लोकांच्या बोलीतलं. अर्थ आहे, ओहोटीला उघडी पडणारी लांब भित्ती.

[दृश्य: आकाशातून. हिरवट पाण्याभोवती फेसाची कडा.]

इथे दोन कंकणद्वीपं, म्हणजे प्रवाळांची कड्यासारखी गोल बेटं, आहेत. उत्तरेचं मोठं, दक्षिणेचं लहान, मध्ये ८ किलोमीटर रुंदीचा खोल पाण्याचा पट्टा. कधीकाळी इथे ज्वालामुखी होते. ते हळूहळू खचत गेले आणि त्यांच्या काठाचे प्रवाळ उजेडाच्या ओढीने वर वाढत राहिले. डोंगर पाण्याखाली गेला, त्याचं कंकण तेवढं राहिलं.

[दृश्य: पाण्याखाली. भित्तीची कड, पलीकडे काळोखी निळाई.]

आता कडेवरून खाली उतरू. घाई नको, कारण टुब्बाताहाचं खरं वैभव या कड्यावर आहे. भित्ती एकाएकी संपते आणि सरळ १०० मीटर खाली जाते. कड्याला माणसाहून उंच समुद्रपंखे, म्हणजे पंख्याच्या आकाराचे प्रवाळ, लगडलेले, कपारींत विसावलेली हिरवी कासवं, आणि समोरच्या निळाईत संथपणे फिरणारे करडे शार्क. पांढऱ्या टोकाचे शार्क दिवसा वाळूवर पडून असतात आणि रात्री शिकारीला निघतात. मध्येच बॅराकुडा माशांचा थवा भोवरा धरतो. प्रवाळांच्या सुमारे ३६० आणि माशांच्या जवळपास ७०० जाती इथे नोंदल्या आहेत. पण मला आकड्यांपेक्षा शार्कची ही वर्दळ अधिक बोलकी वाटते. मासेमारीचा ताण असलेल्या समुद्रातून सगळ्यात आधी तेच नाहीसे होतात.

[आवाज: कुरतडल्याचा.]

हा पोपटमासा. प्रवाळ खरवडून त्यावरचं शेवाळ खातो आणि चुनखडीची वाळू करून बाहेर टाकतो. अशा बेटांवरच्या पांढऱ्या वाळूत या माशांचा मोठा वाटा असतो. त्याच वाळूवर बूबी आणि सुरय हे समुद्रपक्षी अंडी घालतात.

[दृश्य: वाळूच्या पट्ट्यावर खांबांवर उभी चौकी.]

फार काळ या भित्तीला तिच्या दूरपणानेच राखलं. कागायानसिल्यो बेटांवरचे कोळी समुद्र शांत असेल तेव्हा शिडाच्या होड्यांतून येत आणि परतत. मग इंजिनाच्या बोटी आल्या, आणि १९८० च्या दशकात मासे पकडायला सुरुंग व सायनाइडचं विषही आलं. पाहायला कोणी नव्हतं, म्हणून तोच दूरपणा अंगाशी आला. १९८८ मध्ये हे राष्ट्रीय सागरी उद्यान झालं, १९९३ मध्ये जागतिक वारसा. इथे आता मासेमारीला पूर्ण बंदी आहे. कागदावरची बंदी मात्र दीडशे किलोमीटर दूर पोहोचत नाही. ती पोहोचवतात या चौकीतले रक्षक. नौदलाचे, तटरक्षक दलाचे, उद्यानाचे आणि कागायानसिल्योचे. पाळीपाळीने महिनोन् महिने ते इथे राहतात. मार्च ते जून पाण्यात बुडी मारायला येणाऱ्या पर्यटकांच्या बोटी येतात. एरवी खवळलेला समुद्र आणि ते.

[दृश्य: मोडलेले प्रवाळ.]

१७ जानेवारी २०१३ ला अमेरिकी नौदलाचं 'गार्डियन' हे जहाज दक्षिणेच्या भित्तीवर चढलं. जहाजावरच्या डिजिटल नकाशात भित्ती चुकीच्या जागी दाखवली होती. शेवटी ते तिथेच कापून, तुकड्यातुकड्यांनी काढावं लागलं. २,३४५ चौरस मीटर भित्तीचा चुराडा झाला. भरपाई मिळाली, पण गोलाकार दगडी प्रवाळ वर्षाला जेमतेम एखाद सेंटीमीटर वाढतो. तापणाऱ्या पाण्यापुढे तर रक्षकही हतबल आहेत. १९९८ मध्ये समुद्र तापला, त्याची झळ इथल्या प्रवाळांनाही बसली.

[दृश्य: रात्र. दिव्याच्या झोतात गुलाबी कण.]

पौर्णिमेनंतरच्या काही रात्री प्रवाळ एकाच वेळी आपली बीजं पाण्यात सोडतात. त्यांतून अळ्या तयार होतात आणि प्रवाहांबरोबर दूरवर जातात. माशांच्या अळ्याही तशाच निघतात. पलीकडे, जिथे जाळी टाकली जातात, अशा सुलू समुद्रातल्या कितीतरी भित्तींना इथूनच नवं जीवन मिळतं. चौकीच्या खांबांखालून या रात्री तेच वाहत असतं.