वर्धा नदी सरहद्द कशी झाली: वऱ्हाडाच्या कागदांची गोष्ट

राजेहो, ड्रोनमधून हे जे पाणी दिसून राहिलं ते वर्धा नदीचं आहे. आपण आहोत कौंडण्यपूरला, तालुका तिवसा, जिल्हा अमरावती, आणि समोरचा काठ म्हणजे आर्वी तालुका, जिल्हा वर्धा. इकडं कपाशी, तूर, सोयाबीन, तिकडंही तेच, आणि सोयरिकी तर कायमच्या आरपार. तरी जुन्या माणसांच्या बोलण्यात अलीकडं वऱ्हाड आणि पलीकडं नागपूरकडचा मुलूख हा फरक अजून पक्का आहे, आणि जमिनीचे जुने कागद काढले तर तो तिथंही सापडतो. हा फरक कुठून आला, ही नदी कोणी सरहद्द म्हणून ठरवली आणि काहून ठरवली, ते या व्हिडिओत पाहू.

सुरुवात करावी लागते बुलडाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्यापासून. साल १७२४. औरंगजेब जाऊन १७ वर्षं झालेली, दिल्लीत मुहम्मदशाह बादशहा, आणि दख्खनमध्ये निजाम-उल-मुल्क आता बादशहाचं ऐकेना झालेला. त्याला आवरायला मुबारिझखान फौज घेऊन चालून आला, साखरखेर्ड्याजवळ लढाई झाली आणि मुबारिझखान तिथंच मारला गेला. बादशहानं काय केलं, तर पुढच्या वर्षी त्याच निजामाला दख्खनचा सुभेदार म्हणून मान्यता दिली आणि वरून आसफजाह हा किताब दिला, कारण दिल्लीच्या हातात दुसरं काही उरलंच नव्हतं. पुढं कितीतरी वर्षं निजामाची नाणी मुघल बादशहाच्याच नावानं पडत राहिली, पण पैसा जायचा निजामाच्या खजिन्यात. हे नीट लक्षात ठेवा, कारण कागदावर मालक एक आणि वसूल नेणारा दुसरा हा प्रकार वऱ्हाडात पुढं सव्वादोनशे वर्षं चाललेला आहे.

त्याच काळात पूर्वेकडून नागपूरकर भोसले आले. पहिल्या रघूजींनी नागपूर धरलं, थेट बंगालपर्यंत घोडी नेली, आणि १७५१ मध्ये नवाब अलिवर्दीखानानं कटकचा मुलूख सोडला, वर वर्षाला १२ लाखांची चौथाई कबूल केली. म्हणजे आपल्या नागपूरचं राज्य ओडिशाच्या समुद्रापर्यंत पोचलं होतं, हे शाळेत इतक्या घाईत शिकवतात की कोणाच्या डोक्यात राहत नाही. वऱ्हाडात मात्र दुअंमल होता. एकाच गावातून निजामाचा माणूस पण वसुली नेणार आणि भोसल्यांचा पण नेणार. कुणब्याला दोन धनी, आणि पाऊस कमी झाला तर माफी कोणाकडं मागायची तेही धड ठरलेलं नाही.

आता येऊ १८०३ वर. आदल्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावानं वसईचा तह केला आणि पेशवाई इंग्रजांच्या संरक्षणाखाली गेली. शिंदे आणि भोसले दोघांनाही ते मान्य नव्हतं, युद्ध पेटलं. २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातलं अडगाव, आणि १५ डिसेंबरला गाविलगड. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ, हाच पुढं १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. गाविलगडासाठी कर्नल स्टीव्हन्सननं जड तोफा मेळघाटच्या डोंगरातून माणसांच्या जोरावर ओढत उत्तरेच्या बाजूला नेल्या. चिखलदऱ्याला गेलेल्यांनी ते चढ पाहिले आहेत, विचार करा काय हाल झाले असतील ओढणाऱ्यांचे. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. त्यात दुष्काळाचे दिवस, फौजांच्या वाटेवरच्या गावांत धान्य नाही.

गाविलगड पडल्यावर दोनच दिवसांत, १७ डिसेंबर १८०३ ला, तह झाला. अचलपूरच्या परिसरातलं देवगाव, तिथं इंग्रजांची छावणी होती. दुसऱ्या रघूजी भोसल्यांना कटक आणि बालासोर सोडावं लागलं, म्हणजे समुद्र गेला, आणि इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा कलकत्त्यापासून मद्रासपर्यंतचा किनारा जोडला गेला. इकडं वर्धा नदीच्या पश्चिमेचा भोसल्यांचा हक्क गेला. तहातल्या कलमाप्रमाणं भोसल्यांची निजामाकडची सरहद्द म्हणजे वर्धा नदी, ती गोदावरीला मिळते तिथपर्यंत. आता तुम्ही चंद्रपूर-गडचिरोलीकडले असाल तर लगेच सांगाल की बावा, वर्धा गोदावरीला थेट मिळतच नाही, ती आधी वैनगंगेला मिळते, दोघींची होते प्राणहिता, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. आपल्याकडच्या कोणत्याही ढिवराला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. पण विचारायची गरज कोणाला वाटली नाही, कारण तहात दोनच पक्ष होते, कंपनी आणि राजा, आणि ज्यांची शेतं त्या रेषेवर होती त्यांच्यापैकी कोणाचीच सही त्यावर नाही. मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात जास्त हेच टोचतं.

आणि मग प्रश्न येतो की जिंकलं इंग्रजांनी, तर वऱ्हाड त्यांनी स्वतः काहून ठेवलं नाही? १८०४ मध्ये त्यांनी ते निजामाला देऊन टाकलं. लोक म्हणतात दोस्ती म्हणून दिलं. मला तसं वाटत नाही. हा मुलूख सांभाळायचा म्हणजे फौज पाहिजे, अंमलदार पाहिजेत, मेळघाटातल्या वाटा राखायला पाहिजेत, आणि त्या वेळेस कंपनीला वऱ्हाडापेक्षा समुद्रकिनारा मोलाचा होता. निजामाला जमीन दिली की तो उपकाराखाली राहतो, भोसले आणि निजाम यांच्यात कायमचं अंतर पडतं, आणि खर्च निजामाच्या डोक्यावर. मोठी सत्ता खचत्या राज्यांची जमीन दर वेळेस स्वतःच घेते असं नाही, कधीकधी ती एका कमजोराची काढून दुसऱ्या कमजोराला देते, आणि तिला पाहिजे तेव्हा परत घ्यायची सोय ठेवते.

पुढचं भराभर सांगतो. १८१७ च्या नोव्हेंबरमध्ये सीताबर्डीची लढाई, आप्पासाहेब भोसले हरले, नंतर निसटले, शेवटी जोधपूरला वारले. नागपूरला लहान वयाचे तिसरे रघूजी गादीवर आणि कारभार रेसिडेंट, म्हणजे दरबारात बसवलेला इंग्रजांचा प्रतिनिधी, जेन्किन्सच्या हातात. १८२२ च्या तहानं उरलीसुरली अदलाबदल झाली, मेळघाट आणि त्याच्या पायथ्याचा मुलूख निजामाला, वर्धेच्या पूर्वेला निजामाचं जे होतं ते त्यानं सोडलं. आता नदी खरोखरची सरहद्द झाली.

इथून पुढं गोष्ट कर्जाची आहे, आणि कर्जाची गोष्ट विदर्भात कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

१८०० च्या तहात निजामानं कबूल केलं होतं की युद्ध झालं तर ६,००० पायदळ आणि ९,००० घोडेस्वार तो देईल. १८०३ मध्ये ती फौज काही कामाची दिसली नाही, म्हणून इंग्रजांनी नंतर तिच्यावर आपले अफसर बसवले, तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणायला लागले, आणि शांततेच्या काळातही ती बारमाही उभी ठेवली. हुकूम इंग्रजांचा आणि पगार निजामाचा! खर्च वर्षाला ४० लाखांच्या आसपास. निजामाचा खजिना तसाही रिकामा, मग सावकार आले, विल्यम पामरची कंपनी आली, ती २४-२५ टक्क्यांनी व्याज लावायची. पगार थकले की कंपनी सरकार स्वतः भरायचं आणि ते निजामाच्या नावावर उधारीत मांडायचं. असं करता करता ५० लाखांच्या घरात आकडा गेला. ज्यानं फौज लादली त्याचंच देणं झालं, आणि २१ मे १८५३ ला निजाम नासिरुद्दौलाला वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या हवाली करावं लागलं. मालकी निजामाची, कारभार आणि वसूल इंग्रजांचा. खातं गहाण पडलं की सात-बारावर नाव आपलंच राहतं पण पीक घरी येत नाही, अगदी तसं.

१८०३ मध्ये जे नको होतं ते १८५३ मध्ये काहून पाहिजे झालं? कापूस, राजेहो. मँचेस्टरच्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर चालत होत्या आणि त्याची त्यांना भीती वाटत होती. तेव्हाचा गव्हर्नर जनरल डलहौसी याबाबतीत उघड बोलायचा. त्याच सालच्या डिसेंबरमध्ये नागपूरचे तिसरे रघूजी वारले, पोटी मुलगा नव्हता, आणि १८५४ मध्ये डलहौसीनं वारस नामंजूर करून नागपूरही खालसा केलं. वाड्यातले दागदागिने लिलावात गेले. नागपूर घेण्याची कारणं लिहून ठेवताना त्यानं कापसाचा विषय घेतलेला आहे. नंतर १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि १८६७ पर्यंत आगगाडी नागपूरला पोचली.

आता पहा, वर्षाच्या आत नदीचे दोन्ही काठ इंग्रजांकडं आले. सरहद्द पुसली जायला पाहिजे होती ना? नाही पुसली. पश्चिमेकडं मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी आली, मुख्यत्वे शेतकऱ्याच्या नावानं खातं. पूर्वेकडं मालगुजारी, म्हणजे गावचा मालगुजार मालक आणि बाकीचे कुळं. भंडारा-गोंदियाकडं जे मामा तलाव म्हणतात ना, माजी मालगुजारी तलाव, ते या पूर्वेकडच्या पद्धतीतले, वऱ्हाडात तुम्हाला ते नाव ऐकू येणार नाही. मालगुजारी गेली १९५१ मध्ये. म्हणजे देवगावच्या छावणीत ठरलेल्या रेषेनं दीडशे वर्षांनंतरही ठरवलं की कोण स्वतःच्या नावानं सारा भरणार आणि कोण दुसऱ्याच्या वाड्यावर उभं राहणार.

१८६० मध्ये निजामाचं कर्ज माफ झालं, धाराशिव आणि रायचूर परत गेलं, गोदावरीच्या डाव्या काठाचा सिरोंच्याकडचा मुलूख इंग्रजांना मिळाला, पण वऱ्हाड काही परत दिलं नाही. कर्ज फिटलं तरी गहाण सुटलं नाही. हैदराबादचे दिवाण सालारजंग वर्षानुवर्षं वऱ्हाड मागत राहिले, १८७६ मध्ये इंग्लंडलाही गेले, हात हलवत परत आले. शेवटी १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं निजामाकडून वऱ्हाड कायमच्या लीजवर घेतलं, वर्षाला २५ लाख रुपये. निजामाचं समाधान एवढंच की त्याच्या वाढदिवसाला वऱ्हाडात त्याचा झेंडा लागणार आणि तोफांची सलामी होणार. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं, तरी नाव राहिलं सीपी अँड बेरार, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, मधला 'अँड' काही गेला नाही.

शेवटच्या निजामानं, मीर उस्मान अली खाननं, १९२० च्या दशकात पुन्हा मागणी लावून धरली, आणि म्हणाला की मी इंग्रजांच्या बरोबरीनं बोलू शकतो. त्यावर व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगनं मार्च १९२६ मध्ये उत्तर दिलं की भारतात ब्रिटिश राजसत्ता सर्वोच्च आहे आणि कोणताही संस्थानिक बरोबरीच्या नात्यानं वाटाघाट करू शकत नाही. संस्थानांच्या इतिहासात हे पत्र फार महत्त्वाचं मानतात. ते निघालं वऱ्हाडावरून, आणि आपल्या पोरांना ते माहीत नाही.

आणि आता मला स्वतःला हलवून गेलेला भाग. तिकडं पहिल्या महायुद्धानंतर ऑटोमन साम्राज्य मोडत होतं. अरब मुलूख कोणाच्या वाट्याला जाणार ते ब्रिटन आणि फ्रान्सनं १९१६ मध्येच गुपचूप ठरवलं होतं, १९२० मध्ये सेव्हरचा तह, १९२३ मध्ये लोझानचा, आणि मार्च १९२४ मध्ये खिलाफत संपली. शेवटचा खलिफा दुसरा अब्दुलमजीद घरदार घेऊन देशाबाहेर गेला, पुढं फ्रान्समध्ये नीस शहरात राहिला, आणि त्याला खर्चाला पैसे पाठवायचा आपल्याकडचा निजाम. त्याची मुलगी दुर्रूशेहवार, तिचं लग्न १९३१ मध्ये नीसलाच निजामाच्या मोठ्या मुलाशी, आझमजाहशी झालं. १९३६ मध्ये इंग्रजांनी निजामाशी नवा करार केला, वऱ्हाड दिलं नाही, पण वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब दिला. म्हणजे इस्तंबूलला जन्मलेली खलिफाची मुलगी झाली वऱ्हाडची राजकन्या! तिच्या माहेरचं साम्राज्य परक्यांनी नकाशे पसरून वाटून घेतलेलं, आणि सासरी किताब मिळाला तो अशा जमिनीचा जिच्या कारभारात सासऱ्याला काडीचा अधिकार नव्हता. २००६ मध्ये त्या लंडनला वारल्या. अकोल्या-यवतमाळच्या एखाद्या गावात हे नाव घेऊन पहा, कोणी ओळखणार नाही.

१९४७ ला इंग्रज गेले, १९४८ च्या सप्टेंबरमध्ये हैदराबाद भारतात आलं आणि निजामाच्या मालकीचा वाद तिथं संपला. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फजल अली आयोगानं विदर्भाचं वेगळं राज्य करा अशी शिफारस केली, झालं नाही, १९५६ मध्ये आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्यावर लोकांची मतं वेगवेगळी आहेत, या व्हिडिओत मी त्यात जात नाही. पण त्याच १९५६ च्या वाटणीत हैदराबादच्या आदिलाबाद जिल्ह्यातला राजुरा भागही महाराष्ट्रात आला, आणि त्या बाजूला एक काम अजून अर्धवट आहे.

जिवती तालुक्यात डोंगरावर १४ गावं आहेत, ज्यांच्यावर महाराष्ट्र पण हक्क सांगतो आणि तेलंगणा पण. तिथं दोन्ही राज्यांच्या शाळा आहेत, घरात दोन्हीकडची रेशनकार्डं आहेत, मतदानही दोन्हीकडं होत आलं आहे. बाहेरचे लोक म्हणतात मजा आहे बुवा, डबल फायदा. तसं नाही हो. तिथला शेतकरी जी जमीन कसतो तिचा पट्टा मागतो, आणि पट्टा म्हटलं की दोन्हीकडची कचेरी गप्प होते. या वेळेस तरी कोणी नकाशा उघडेल तर आधी त्या गावांत जाऊन बसावं, लोकांना विचारावं आणि त्यांच्यासमोर लिहावं. पुढचा भाग आपण जिवतीलाच शूट करणार आहोत, त्या भागातले कोणी पाहत असाल तर सांगा, आम्ही येतो.