वाटेवरचा राजा आणि वाटेवरचं टाकं

नमस्कार, श्रोतेहो.

रानातल्या पायवाटेवर शिल्प उभारायचं, भिंत रंगवायची, बसायला चार बाक टाकायचे, अशा योजना अलीकडे बऱ्याच ठिकाणी ऐकू येतात. कल्पना चांगलीच आहे. पण ती नवी आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला मी आधी नाणेघाटात घेऊन जाईन.

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे निघालं की वैशाखरे गाव लागतं. ते मागे टाकून थोडं पुढे गेलं की उजव्या हाताला घाटाची वाट फुटते. आधी झाडी, मग चढ, मग पायाखाली जुन्या फरसबंदीचे दगड, आणि शेवटी दोन कड्यांमधली ती अरुंद खिंड. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल इथून वर चढायचा, जुन्नरला जायचा, पुढे पैठणपर्यंत. खिंडीच्या तोंडाशी एक मोठी गुहा कोरलेली आहे. आत तिन्ही बाजूंनी दगडात कोरलेले बाक. धापा टाकत आलेल्या माणसाने पाठीवरचं ओझं उतरवावं आणि टेकावं, अशी सोय.

त्याच गुहेत सातवाहनांनी आपली चित्रशाळा मांडली होती. मागच्या भिंतीवर घराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा कोरल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर ब्राह्मी अक्षरांत नाव. सिमुक सातवाहन, राणी नागनिका आणि राजा सातकर्णी, काही राजकुमार, एक महारठी, म्हणजे बडा सरदार. बाजूच्या भिंतींवर भला मोठा प्राकृत लेख आहे. त्यात अश्वमेधासारखे यज्ञ आणि त्यांत दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, सगळं आकड्यांसकट नोंदवलेलं. अभ्यासक हा लेख साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात.

आता गंमत बघा. हे सगळं राजधानीत नाही, देवळात नाही. हमाल, बैलवाले, व्यापारी जिथून जातात तिथे आहे. घाटमाथ्यावर जो दगडी रांजण आहे, तो जकातीचा म्हणून ओळखला जातो. म्हणजे इकडे जकात भरायची आणि तिकडे राजाराणीचं दर्शन घ्यायचं! चौकातल्या फ्लेक्सचा हा खापरपणजोबाच म्हणायला हरकत नाही. वाटेवरची कला ही नेहमी निरागस असते, अशा समजुतीत आपण राहू नये.

आज तिथे गेलात तर त्या प्रतिमा दिसणार नाहीत. भिंतीच्या तळाशी काहींची पावलं तेवढी उरली आहेत. बाक मात्र आहेत, आणि पावसात अडकलेली मंडळी अजून त्यांवर बसून डबे उघडतात. आसपास पाण्याची कोरीव टाकी आहेत. त्यांतल्या एका टाक्यावर कुणा दामघोषाने ते दान दिल्याचा लेख आहे. राजा नव्हे, एक साधा दाता. स्वतःचं नाव त्यानेही कोरलंच, पण ते वाचायला माणूस पाण्यापाशी येईल अशी व्यवस्था करून.

ही रीत तेव्हा सगळीकडे दिसते. नाशिकच्या पांडवलेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. तापी, दमण, पारडा, डहाणुका अशा नद्यांवर आपण फुकट नावा ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर सभा आणि प्रपा केल्या, असं तो सांगतो. सभा म्हणजे जमायची, टेकायची जागा, प्रपा म्हणजे पाणपोई. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची लेणी तर आजही जंगलातच आहेत. तिथे शंभरावर लेणी आहेत, गुंफांबाहेर बसायला बाक आहेत आणि ठिकठिकाणी पाण्याच्या पोढी, म्हणजे कोरीव टाकी आहेत. त्यांतली एक पोढी कल्याणच्या एका सोनाराने दिली, असं तिथला लेख सांगतो.

मला यातून एक गोष्ट पटली आहे. रानवाटेवर कलेने चालणाऱ्याच्या शरीराची आधी विचारपूस करावी. तहान लागली आहे का, पाय दुखतात का, ऊन लागतंय का. ते झालं की मग माणूस मान वर करून भिंतीकडे बघतो.

दुसरी एक परंपरा अजून जिवंत आहे. तिला आपण कला म्हणत नाही, म्हणून ती नजरेतून सुटते. ठाणे-पालघरच्या वारली पाड्यांजवळ, अगदी मुंबईच्या जंगलाच्या कडेलाही, वाघोबाची ठाणी आहेत. कुठे नुसता शेंदूर लावलेला दगड, कुठे दगडाच्या किंवा लाकडाच्या फळीवर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. वाघबारशीला, म्हणजे अश्विन वद्य द्वादशीला, लोक जमतात, नवा शेंदूर चढतो, नारळ फुटतो, कुठे कोंबडं कापलं जातं. शिल्पकाराचं नाव कुणी विचारत नाही. ठाण्याची देखभाल ठेकेदाराकडे नसते, गावाकडे असते. आणि या वाटेवर आपल्याखेरीज आणखी कुणीतरी चालतं, ही आठवण ते ठाणं करून देतं. सावधगिरीच्या दहा पाट्यांनी जे साधत नाही ते तिथे साधतं, असं माझं मत.

परदेशातलं एकच उदाहरण देतो. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये ग्रिझडेल नावाचं जंगल आहे. 1977 साली तिथे शिल्पकारांना बोलवायला सुरुवात झाली. त्यांनी जंगलात राहायचं, तिथलंच लाकूड आणि दगड वापरायचा. बरीचशी लाकडी शिल्पं पुढे कुजली, शेवाळली, आणि तसंच अपेक्षित होतं. शिल्पकार अँडी गोल्ड्सवर्दी यांनी 1990 मध्ये तिथे दगडांची एक भिंत रचली. चुन्याशिवाय, सिमेंटशिवाय, त्या भागातले शेतकरी बांध घालतात तशी. ती सरळ जात नाही, झाडांना वळसे घालत जाते. झाड तोडायचं नाही, भिंतीने वाकायचं!

आणि आपल्याकडे? सिमेंटचं हरीण, सिमेंटचीच अळंबी, हृदयाच्या आकाराची चौकट आणि रात्री रंगीत दिवे. दिवे तरी नकोतच हो. बिबट्या, रानमांजर, घुबड यांचा कामाचा वेळ तोच असतो. कातळावर ऑइलपेंटने काढलेले बाणही नकोत. वाट दाखवायची तर दगडावर दगड ठेवलेला पुरतो, आणि वाट बदलली की तो हलवताही येतो.

ज्यांना खरंच असं काही उभं करायचं आहे, त्यांना कायद्यात एक दार उघडं आहे, ते सांगून ठेवतो. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार गावाच्या काही सोयींसाठी वनजमीन देता येते. पिण्याच्या पाण्याची सोय आणि समाजमंदिर यांचाही त्यांत समावेश आहे. प्रत्येक कामासाठी एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. ही शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शहरातून आराखडा घेऊन येणाऱ्या मंडळींनी पहिली बैठक पाड्यावर घ्यावी, कागद गुंडाळलेलाच ठेवावा आणि आधी विचारावं की बाया मोळी घेऊन येताना कुठे थांबतात, मुलं शाळेला कुठल्या वाटेने जातात, वाघोबा कुठे आहे. बाक कुठे टाकायचा ते त्यावरून ठरेल.

आणि नाणेघाटात जाणार असाल तर एक विनंती. फोटोत अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्या लेखावर खडू घासू नका. बोटाने गिरवूही नका. बाकावर खुशाल बसा, तो त्यासाठीच कोरला आहे.

नमस्कार.