तारलीखालचा पाव

(दृश्य: पडदाभर धूर. धुरातून हळूहळू लोखंडी जाळी दिसते.)

धूर बघून घाबरू नका, आगबिग काही लागलेली नाही. हे लिस्बन आहे, पोर्तुगालची राजधानी, आणि तारीख आहे 12 जून, उद्या इथल्या एका संताचा सण. संध्याकाळचे आठ वाजलेत तरी ऊन अजून भिंतीवर आहे, आणि आल्फामा नावाच्या या जुन्या वस्तीत जिकडे बघाल तिकडे गल्लीच्या तोंडाशी कोणी ना कोणी कोळसा पेटवून बसलंय. वर रंगीत पताका, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, स्पीकरवर गाणी. आपल्याकडे गणपतीत गल्ली सजते ना, सेम तसंच.

आता जाळीवर बघा. ओळखलंत?

तारली! कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. जात वेगळी आहे, आपली ती आपल्या समुद्रातली आणि ही अटलांटिकची, पण भाऊबंदच म्हणायचे. इकडचं नाव सार्दीन्या. युरोपियन युनियनमध्ये माणशी सगळ्यात जास्त मासे खाणारे लोक हेच, आणि त्यांच्या वर्षाच्या कॅलेंडरमध्ये जून म्हणजे तारली.

(दृश्य: मीठ चोळणारे हात, जवळून.)

आता हे नीट बघा, कारण आम्ही या जाळीवाल्या आजींजवळ तासभर कॅमेरा लावून उभे होतो. डोकं काढत नाहीत, पोट साफ करत नाहीत, खवलंसुद्धा ठेवतात. माझी आई हे बघून आधी नाक मुरडेल आणि मग या आजींना बाजूला करून स्वतः विळीवर बसेल. पण त्यामागे कारण आहे. अख्खा मासा, वर जाडं मीठ, थोडा वेळ तसाच ठेवायचा, बास. हळद नाही, तिखट नाही, आमसूल नाही. कातडी शाबूत असली की आतलं मांस कोरडं पडत नाही, आपल्याच चरबीत शिजतं. उन्हाळा लागला की ही तारली अंगानं भरते, म्हणून तर तिचा सीझन आत्ता. इकडे एक म्हणच आहे की सेंट जॉनच्या सणाला, म्हणजे 24 जूनला, तारली पावावर ठिबकते.

आणि ठिबकते म्हणजे खरंच ठिबकते हो. चरबी निखाऱ्यावर पडते, भपकन जाळ होतो, की आजी पाण्याचा शिपका मारतात आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यानं वारा घालतात. पुठ्ठा! कणसं भाजणाऱ्याकडे असतो तोच. दोन जाळ्यांच्या मध्ये मासे धरलेले, एका झटक्यात पंधरा-वीस उलटे. त्या वेळचा आवाज ऐका, मी मध्ये बोलत नाही.

(दृश्य: जाळी उलटते. फक्त आवाज.)

मग पाव येतो. प्लेट बिट नाही, जाड कापलेल्या पावाच्या तुकड्यावर मासा ठेवून हातात देतात. खायचा हातानंच, वरची कातडी बोटानं सोलायची, एक बाजू खाल्ली की काटा उचलायचा, दुसरी बाजू खायची. आमच्या कॅमेरावाल्यानं काटा-चमचा मागितला तर आजूबाजूचे सगळे हसले. मालवणचा आहे तो, त्यानं तरी मागायला नको होता.

आता शब्द ऐका. पोर्तुगीजमध्ये याला म्हणतात पांव. सोबत उकडलेला बटाटा, त्यांचाही शब्द बटाटाच. मी पैसे काढले तर आजींनी पलीकडे डबा घेऊन बसलेल्या पोराकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, पगार तिकडे. एक सेकंद मला वाटलं, खाल्ल्याबद्दल आपल्यालाच पगार देतायत की काय! पगार म्हणजे त्यांच्या भाषेत पैसे चुकते करणे. वसई 1739 पर्यंत यांच्याकडे होती, गोवा 1961 पर्यंत, माणसं गेली पण चावी, बालदी, साबण, अननस, पगार सगळं आपल्याकडेच राहिलं.

(दृश्य: वाफाळता वाडगा, हिरवा.)

हे हिरवं सूप, काल्दु व्हेर्द. बटाटा उकडून घोटायचा, त्यात एका पानवाल्या कोबीची पानं दोऱ्यासारखी बारीक चिरून, वरून शोरीसूची एक-दोन चकती. या पानांना म्हणतात कोव्ह, आणि आपला कोबी तिथूनच आलाय. शोरीसू म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, गोव्याच्या चोरिसाचा युरोपातला पूर्वज, फक्त गोव्यातला जास्त आंबट-तिखट. मला विचाराल तर गोव्याचाच भारी, पण हे इकडे मोठ्यानं बोललो नाही.

आता एवढा धूर कोणासाठी? सान्तु आन्तोनिउ, म्हणजे सेंट अँथनी. बाराव्या शतकाच्या शेवटी इथेच जन्मला, 13 जून 1231 ला इटलीत पादुआजवळ वारला, म्हणून 13 जून त्याचा दिवस. गोष्ट अशी सांगतात की एकदा माणसं त्याचं प्रवचन ऐकेनात, तर तो पाण्याकडे तोंड करून माशांना सांगायला लागला, आणि मासे डोकी वर काढून ऐकत बसले. त्या माशांचे वंशज आज जाळीवर आहेत, असो.

हा संत लग्नं जमवतो अशीही ख्याती. नवरा मिळेना की पोरी त्याची मूर्ती उलटी करून ठेवायच्या, पाण्यातसुद्धा सोडायच्या, लग्न ठरलं की सुटका. देव पाण्यात घालून बसणं आपण फक्त बोलण्यात वापरतो, इकडे संताला खरोखर बुडवलंय. 1958 पासून त्याच्या नावानं सामुदायिक लग्नं लागतात, हुकूमशाही उलथवणाऱ्या 1974 च्या क्रांतीनंतर थांबली होती, 1997 ला परत सुरू झाली.

(दृश्य: पायरीवर ओळीनं लहान कुंड्या, प्रत्येकीत कागदी फूल.)

या कुंड्या मला फार आवडल्या. मांझरीकू. आपल्या तुळशीच्या आणि सब्ज्याच्या घरातलंच झाड, पानं बारीक, आकार चेंडूसारखा गोल. त्यात कागदाचं कार्नेशन आणि झेंड्यावर चार ओळींची प्रेमाची कविता. आवडत्या माणसाला द्यायची. नियम एकच, नाक लावून वास घ्यायचा नाही, झाड मरतं म्हणतात. तळहात वरून फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा. हा माणूस बघा, कसं करतोय.

आता एक गोष्ट माझी म्हणून सांगतो. इथून खाली दोन मिनिटांवर फोटोवाले मेन्यू लावलेली हॉटेलं आहेत, टेबलक्लॉथ, वेटर हाका मारतायत. तिकडे जाऊ नका. निदान या रात्री तरी नको. इथली बरीच टेबलं वस्तीतल्या मंडळांची आहेत, हो, आपल्यासारखीच मंडळं, वर्षभराचा खर्च यातून काढतात, रात्री मुख्य रस्त्यावर जी वस्त्यावस्त्यांची स्पर्धेची मिरवणूक निघते तिची तालीमही हेच लोक महिनोन्‌महिने करतात. आजींच्या दारातच एक बाई छोट्या पेल्यात चेरीची दारू विकतायत, झिंझिन्या, आंबटगोड. दारात उभं राहून प्यायची आणि पुढे सरकायचं.

वस्ती फार जुनी. नाव अरबी, अल-हम्मा, गरम पाण्याचे झरे. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपात लिस्बनचा मोठा भाग पडला, या गल्ल्या मात्र बऱ्याच वाचल्या, म्हणून त्या अजून अशा वाकड्यातिकड्या. आता भाडी वाढलीत, घरं टुरिस्टांना जातायत, जुने लोक निघून गेलेत आणि जातायत. तारलीचंही तेच, 2017 मध्ये शास्त्रज्ञांनी पुढच्या वर्षी तिची मासेमारी पूर्ण थांबवा असा सल्ला दिला होता, मग पकडीवरच्या मर्यादा कडक झाल्या, आता साठा सावरलाय.

(दृश्य: वरची खिडकी. वाळत घातलेल्या चादरीआडून एक म्हातारे गृहस्थ खाली बघतायत. संगीत नाही. थोडा वेळ तसंच.)

(दृश्य: रात्रीचे दोन. विझत आलेले निखारे.)

माझी पाचवी तारली संपली होती. हातात उरला होता खालचा पाव, तेलानं पिवळा झालेला, काट्यांच्या खुणा असलेला. मी तो टाकायला डबा शोधत होतो. आजींनी बघितलं. उठल्या, माझं मनगट धरलं आणि पाव माझ्याच तोंडाकडे नेला, बोलल्या भरपूर, मला कळलं त्यातलं एकच, पांव, पांव.

माशाची सगळी चरबी त्या तुकड्यात उतरली होती, मीठ पण. आधीचे चार तुकडे मी टाकून दिले होते.