पत्राची पाठ वाचताना

मंडळी, माझा संग्रह पाहायला येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो, "आत काय लिहिलंय?" मी मात्र हातात आलेलं पत्र आधी उलटं करतो. १७९३ ते १८१५ या काळात, मधली थोडी उसंत सोडली, तर इंग्लंड आणि फ्रान्स लढतच होते. त्या वर्षांतलं समुद्रावरून आलेलं पत्र निम्मं बोलतं ते बाहेरून.

तेव्हा तिकिटं नव्हती, पहिलं तिकीट १८४० सालचं. पाकीटही क्वचितच. टपालाचा दर कागदांच्या संख्येवर ठरायचा. पाकीट म्हणजे आणखी एक कागद, म्हणजे दुप्पट पैसे! म्हणून लिहिलेला कागदच घडी घालून लाखेनं बंद करायचे आणि पाठीवर पत्ता. पत्त्यावर शाईनं ओढलेला मोठा आकडा दिसतो, ती वसूल करायची रक्कम. बहुतेक वेळा ती पत्र घेणाऱ्याच्या माथी. 'शिप लेटर' आणि बंदराचं नाव असा शिक्का असेल, तर पत्र टपालखात्याच्या बोटीनं आलेलं नाही, खासगी जहाजाच्या कप्तानानं किनाऱ्यावर पोचतं केलंय. १७९९ च्या कायद्यानं त्याला अशा प्रत्येक पत्रामागे दोन पेन्स मिळत.

टपालखात्याच्या बोटी इंग्लंडच्या नैऋत्य टोकाजवळच्या फालमथ बंदरातून सुटत. त्यांच्या कप्तानांना हुकूम असा: पळता येईल तोवर पळा, पळता येईना तर लढा, तेही जमेना तर शरण म्हणून निशाण उतरवण्याआधी टपाल बुडवा. थैल्यांना त्यासाठी वजनं बांधलेली असायची. किती आयांची, किती बायकांची पत्रं अशी तळाला गेली असतील! उलट, इंग्रजांनी पकडलेल्या जहाजांवरची पत्रं पुरावा म्हणून लंडनच्या नौदल न्यायालयात जमा झाली. ती आज लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांतली कित्येक अगदी अलीकडेपर्यंत कुणी फोडलीही नव्हती.

मला सर्वांत प्रिय आहेत साध्या खलाशांची पत्रं. १७९५ च्या कायद्यानं खलाशी आणि शिपाई यांना एका पेनीत पत्र पाठवता येऊ लागलं. मुख्य अटी तीन. कागद एकच, मजकूर स्वतःपुरता, आणि पाठीवर वरिष्ठ अधिकाऱ्याची सही, जहाजाच्या किंवा पलटणीच्या नावासकट. अधिकाऱ्यांना ही सवलत नव्हती. इंग्रज आरमाराचा सेनापती नेल्सन याचं प्रेयसी एमाला लिहिलेलं शेवटचं, अपुरं पत्र ब्रिटिश लायब्ररीत जपलं जाणार हे उघडच होतं. पण खलाशाच्या घरची चिठ्ठी कोण जपणार? ती उरते म्हणजे कुणाच्या तरी मायेनं उरते. अशी पत्रं मिळाली की मला आजही रात्री झोप लागत नाही.

आपल्या मुंबईचाही इथे धागा आहे. १ ऑगस्ट १७९८ ला नाईलच्या मुखाशी फ्रेंच आरमाराचा धुव्वा उडवल्यावर आठ दिवसांनी नेल्सननं मुंबईच्या गव्हर्नरला पत्र लिहिलं. बोनापार्ट हिंदुस्थानवर चालून येईल ही धास्ती होती, आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, वळसा घालून टपाल यायला पाच-सहा महिने लागत. म्हणून लेफ्टनंट डुव्हल ते घेऊन अलेप्पो, बगदाद, बसरा अशा वाटेनं निघाला आणि ऑक्टोबरात मुंबईला पोचला. गव्हर्नर होते जोनाथन डंकन. फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये त्यांचं स्मारक आहे, जाऊन पाहा.

एक कळकळीची विनंती. जुन्या संग्राहकांनी शिक्के तेवढे कापून वहीत चिकटवले आणि पत्रं फेकली. ते नुकसान आता भरून येणार नाही. तुम्ही कापू नका, धुऊ नका. माझं १८१३ सालचं, भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटाहून आलेलं पत्र डागाळलेलं होतं. मी ते स्वच्छ करून घ्यायला निघालो होतो. एका जाणत्या मित्रानं हात धरला. त्या वर्षी माल्टात प्लेग होता. रोग पत्रातून पसरू नये म्हणून पत्राला छिन्नीनं चिरा पाडून आत धूर जाऊ देत, व्हिनेगर शिंपडत. तो तपकिरी डाग त्या व्हिनेगरचा. धुतला असता तर प्लेगची आठवणच पुसली गेली असती.

हेच ते पत्र. मी पहिल्या रांगेपासून फिरवतो. दिव्यासमोर धरा, म्हणजे दोन चिरांतून उजेड येईल. कडेनं धरा, घडी उलटी मोडू नका.