टप नसलेली गाडी आणि काकाजींचा गुडघा

नमस्कार मंडळी. अठ्ठावीस वर्षं झाली, बसस्टँडच्या मागे माझं गॅरेज आहे. व्याख्यान द्यायची ही पहिलीच वेळ. वाचनालयानं बोलावलं ते काकाजींच्या गाडीमुळे. वर्षभर गावात एकच विषय आहे, की संत्र्याचा बगीचा सांभाळणाऱ्या बहात्तर वर्षांच्या माणसाला टप नसलेली विलायती गाडी कशाला पाहिजे? काकाजी इथं पहिल्या रांगेत बसलेत. त्यांना विचारूनच बोलतो आहे.

ते लहान असताना कापसाच्या हंगामात जिनिंगवाल्या शेठजींची उघडी गाडी शाळेवरून जायची. एकदा ती गरम होऊन थांबली आणि काकाजींनी विहिरीवरून बादली आणून रेडिएटरमध्ये पाणी घातलं. गाडी कोणत्या कंपनीची, ते आठवत नाही. रंग हिरवा होता आणि तापलेल्या चामड्याच्या सीटचा वास येत होता, एवढं पक्कं आठवतं. मागच्या पोळ्याला माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मले वाऱ्यात चालवाची हाय गाडी. काचा लावून बसाले पोराची गाडी हायेच ना. तू पाहून दे."

पाहून दे म्हणणं सोपं असतं. सल्ला देणारेही लगेच जमले. सगळ्यात जास्त आलेला सल्ला असा, की जुनी प्रीमियर पद्मिनी घ्या आणि तिचा टप कापा, वीस हजारात काम होतं. मंडळी, हे कुणीही करू नका. पद्मिनीला वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार उचलते आणि त्यात टपाचा वाटा मोठा आहे. टप कापला की गाडी मधूनच खचते. आधी दारं अडकायला लागतात, मग काच तडकते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं बनवलेल्या गाडीच्या रचनेत असा बदल चालत नाही. उद्या अपघात झाला तर विमावाला हात वर करेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

हेराल्डचं जरा वेगळं आहे. जुन्या माणसांना स्टँडर्ड हेराल्ड आठवत असेल, १९६१ पासून मद्रासला बनायची. तिला खाली वेगळी चेसिस आहे आणि टप बोल्टांनी बसवलेला. तो काढला तरी गाडी खचत नाही, पण कायदा तिलाही तोच. याच हेराल्डच्या सांगाड्यावरून इंग्लंडमध्ये ट्रायम्फनं १९६२ मध्ये स्पिटफायर नावाची दोन सीटची उघडी गाडी काढली. दोन्हींचं डिझाइन मिकेलोत्ती या एकाच इटालियन माणसाचं. मिस्त्री म्हणून मला विचाराल तर स्पिटफायरसारखी गाडी नाही. बॉनेट उचललं की दोन्ही मडगार्डांसकट पुढचा सगळा भाग उघडतो. चाकावर बसून इंजिनचं काम करा, कंबर वाकवायची गरज नाही. सुरुवातीच्या गाड्यांत मात्र एक खोड आहे. वळणावर एकदम अॅक्सिलरेटर सोडला तर मागची चाकं आत दुमडून गाडी घसरू शकते. १९७० च्या मार्क फोरमध्ये, म्हणजे स्पिटफायरच्या चौथ्या आवृत्तीत, मागच्या पाट्याच्या स्प्रिंगची रचना बदलून ते बरंचसं सुधारलं.

काकाजींसाठी डोक्यात असलेली दुसरी गाडी एमजीबी, तीही इंग्लंडचीच उघडी गाडी. तीही १९६२ चीच, आणि १९८० पर्यंत बनली. बंद टपाच्या धरून पाच लाखांवर गाड्या निघाल्या, म्हणून सुटे भाग आजही नवे मिळतात. अख्खी बॉडीसुद्धा इंग्लंडात नवी बनवून विकतात. इंजिन १८०० सीसीचं, साधं आणि दणकट. १९६४ च्या अखेरीस त्याच्या क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला, तीनच्या जागी पाच बेअरिंग आली, त्यानंतरची गाडी मिळाली तर उत्तम. जपानच्या माझदाची उघडी मियाटा १९८९ ची, या सगळ्यांत सांभाळायला सर्वात सोपी, पण ती कंपनीनं इथं कधी विकली नाही आणि बाहेरून आणायची परवानगी मिळावी इतकी जुनीही झालेली नाही. जुनी गाडी बाहेरून आणायची तर गाडीपेक्षा कर जास्त. तो विचार आम्ही पहिल्याच दिवशी सोडला.

आता माझी चूक सांगतो. पहिली एमजीबी आम्ही एका शहरात पाहिली. लाल रंग, आरशासारखं पॉलिश. मालकानं सेल मारला आणि इंजिन असं गोड चाललं, की मी खाली वाकून न पाहताच काकाजींना म्हटलं, "द्या टोकन." पंचवीस हजार दिले. दुसऱ्या दिवशी जॅक घेऊन गेलो. उघड्या गाडीला टप नसतो, म्हणजे तिची ताकद दाराखालच्या पेट्यांमध्ये असते. त्यांना सिल म्हणतात. पुढच्या चाकाच्या मागे जॅक लावला आणि दाराच्या फटीवर बोट ठेवून बसलो. दोन दांडे मारले तर वरची फट मिटत आली. तिसऱ्या दांड्याला दाराचा कोपरा बॉडीला घासला आणि लाल रंगाचा टवका माझ्या नखावर पडला. रुमालात गुंडाळलेलं चुंबक सिलवर फिरवलं, ते हातभर कुठंच चिकटलं नाही. सगळी पुट्टी होती, आतला पत्रा गंजून गेलेला. टोकन परत मिळालं नाही. काकाजी परतीच्या गाडीत एवढंच बोलले, "इंजिन त तू नवं करून देशीन. हाडं कुठून आणशीन?" तेव्हापासून मी कुठल्याही गाडीचं इंजिन शेवटी ऐकतो.

पण पत्र्याच्याही आधी माणूस पाहावा लागतो, हे मला नंतर कळलं. काकाजींच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आपल्याकडे उजव्या दारानं बसायचं, म्हणजे डावा पाय आधी आत जातो आणि खाली टेकेपर्यंत सगळा भार उजव्या गुडघ्यावर. स्पिटफायरची सीट जमिनीलगत. नागपूरला एका ओळखीच्यांकडे काकाजी तिच्यात बसले ते बसले, उठताना मला आणि गाडीच्या मालकाला दोन्ही बाजूंनी धरावं लागलं. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी पुढं काही विचारलं नाही. मला ती कितीही आवडो, त्यांची नव्हे. एमजीबीचं दार लांब आहे. आधी आडवं सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय उचलून आत घ्यायचे. घरी खाटेवर आम्ही तसा सराव केला. आणि टप चढवूनही बसून पाहायचं, कारण उघड्या गाडीत कुणीही बसतो, कापडी टपाखाली मान वाकवून शिरणं निराळं.

कागदांचं थोडक्यात सांगतो. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, दहा वर्षांची फी वीस हजार. पण ती गाडी रॅलीला, प्रदर्शनाला किंवा दुरुस्तीलाच रस्त्यावर नेता येते. रोज संध्याकाळी वरुड-मोर्शी रस्त्यानं बगीच्यात जायचं असेल तर ती नोंदणी कामाची नाही. इथंच आधीपासून नोंद असलेली, आरसी जिवंत असलेली, इंजिन आणि चेसिसचे नंबर जुळणारी गाडीच शोधावी लागते.

आपल्या हवेचंही पाहा. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत ही गाडी काढायचीच नाही. पेट्रोल पाइपातच वाफ होऊन अडतं, आणि चालवणाऱ्याचं डोकं वेगळं तापतं. काळ्या मातीच्या पावसाळ्यात तर नावच नको. उघड्या गाडीचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, ते जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधले रबरी वायसर खातं. गाडी घेतल्याबरोबर ते सगळं बदलायचं. आणि १९६७ च्या आधीच्या एमजीबीला बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. आपल्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनला हे सांगितल्याशिवाय हात लावू देऊ नका, तो सवयीनं उलटं जोडेल.

दुसरी एमजीबी हैदराबादला सापडली, १९६५ ची. रंग फिका पडलेला, सीट फाटलेल्या. जॅक लावला, चार दांडे मारले, फट जशीच्या तशी. दार बोटानं लोटलं तर खट्ट करून बसलं. मग काकाजी टेकले, पाय आत घेतले आणि मालकाला विचारून गल्लीत चक्कर मारली. त्या सालच्या गाडीत पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर अलगद पडायची सोय, नाही, म्हणून मला भीती होती. पण त्यांनी तरुणपणी कापसाचा ट्रक चालवलेला. चढावर वेग पडला तेव्हा डबल क्लच मारून, म्हणजे क्लच दोनदा दाबून, पहिला गिअर असा घातला, की आवाजसुद्धा आला नाही. मालक माझ्याकडे पाहत राहिला.

तिकडच्या आरटीओची एनओसी यायची आहे. तोवर काकाजींनी संत्र्याचे क्रेट ठेवायची खोली रिकामी केली, खाली फरशी घातली, आणि उंदरांनी टपाचं कापड कुरतडू नये म्हणून खिडकीला बारीक जाळी ठोकली. काल संध्याकाळी गेलो तर रिकाम्या खोलीत खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "तोंड दाराकडं ठेवू का भिंतीकडं?" मी म्हटलं, दाराकडं ठेवा काकाजी, सकाळी सरळ निघता येईल.